घर न सोडलेल्या लेकी

१९४५ साली जबलपूरच्या तुरुंगात जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, पण त्यांची कर्मभूमी वर्धा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हापासून ते त्याचे सचिव होते आणि संघाचे ठाणे होते वर्ध्याची मगनवाडी. घाण्याचे तेल, हातकागद, हातसडीचा तांदूळ यांच्या बरोबरीने मधमाशीपालन हाही तिथला एक उद्योग. गांधीजींची प्रस्तावना लाभलेल्या त्या पुस्तकात कुमारप्पांनी निसर्गातल्या व्यवहारांचे पाच प्रकार पाडले. सगळ्यांत खाली दुसऱ्याच्या जिवावर जगणारे, मग लुटून खाणारे, मग स्वतः खपून मिळवणारे. चौथा प्रकार समूहासाठी राबणाऱ्यांचा आणि पाचवा निव्वळ सेवेचा. चौथ्याचे उदाहरण म्हणून त्यांनी मधमाशी घेतली, कारण ती मध साठवते तो सगळ्या मोहोळासाठी. पाचव्याचे उदाहरण पिलांचा सांभाळ करणाऱ्या आईचे.

अर्थशास्त्राला एवढे पुरले. जीवशास्त्राची अडचण मात्र इथूनच सुरू होते. कामकरी माशी जन्मभर राबते, पण तिला लेकरू नसते. मोहोळावर चालून आलेल्याला ती डंख मारते आणि त्या डंखापायी मरते. मग हा गुण पुढच्या पिढीत पोचतो कसा? ज्याला वंशच नाही, त्याचा वारसा चालवणार कोण?

हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही छळत होता. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने मोकळेपणाने लिहिले आहे की, मुंग्यांमधल्या वांझ कामकऱ्यांमुळे आपला सिद्धान्तच कोसळतो की काय, असे त्याला आधी वाटले होते. मग त्याने उत्तर काढले ते गोठ्यातून. वर्ध्याच्या माणसाला ते गवळाऊ बैलावरून लगेच कळेल. आर्वी, कारंजा, आष्टी हा गवळाऊ जातीचा मूळ मुलूख. पांढरीशुभ्र, हलक्या अंगाची, बंडी घेऊन पळण्यात नाव कमावलेली ही जात. शेतातला बैल खच्ची केलेला असतो, त्याला वासरू होत नाही. तरीही या भागात पिढ्यान् पिढ्या तशीच चपळ जोडी मिळत आली, कारण ज्या गाईला आणि ज्या वळूला असे गोऱ्हे होतात, त्यांचीच पैदास जाणता गोपालक पुढे चालवतो. बैलाचा गुण त्याच्या स्वतःच्या पोटी नव्हे, त्याच्या आईबापांतून आणि भावंडांतून पुढे जातो. डार्विनने नेमका हाच दाखला दिला, फक्त त्याचे बैल लांब शिंगांचे होते. निवड एकट्या जिवाची होत असते तशी कुटुंबाचीही होऊ शकते, हे त्यातून दिसले. पण कुठल्या परिस्थितीत आणि किती नात्यावर, हा हिशोब मांडायला पुढे शंभर वर्षे लागली.

मदतनीस पाखरे

वसाहत करून राहणे म्हणजे नुसते थव्याने राहणे नव्हे. तळ्यावर हजार बगळे जमले म्हणून ती वसाहत होत नाही. जीवशास्त्रज्ञ तीन कसोट्या लावतात. एकाहून जास्त प्रौढ मिळून पिले वाढवतात का? आई आणि तिची मोठी झालेली मुले एका घरात नांदतात का? आणि प्रजनन मोजक्यांकडे ठेवून बाकीचे सगळे कामाला जुंपलेले असतात का? तिन्हींचे उत्तर होय असेल तरच त्या समाजाला पूर्ण समाजशील म्हणायचे. मुंग्या, वाळवी, मधमाश्या आणि काही गांधीलमाश्या या कसोटीला उतरतात.

पहिल्या एकदोन कसोट्यांपर्यंत पोचलेले जीव मात्र वर्धा जिल्ह्यात सहज दिसतात. तारेवर बसून उडत्या किड्यांवर झेप घेणारा वेडा राघू नाल्याच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतो. भारतात झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की, काही जोड्यांच्या मदतीला तिसरा पक्षी असतो. तो स्वतः अंडी घालत नाही, पण पिलांसाठी किडे आणतो.

सातभाई त्याच्या पुढे गेलेला. शेताच्या धुऱ्यावर, बाभळीखाली कलकलाट करत पाने उलथणारे हे मातकट पक्षी वर्षभर एकाच टोळीत राहतात. टोळीतले बाकीचे पक्षी अंडी घालणाऱ्या जोडीच्या पिलांना भरवतात, बाकीचे चरत असताना एखादा उंच फांदीवर पहारा देतो आणि शिक्रा दिसताच ओरडतो. या एकोप्यावर डोळा ठेवून असणाराही आहेच. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला जागे करणारा पावश्या आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. तिथे भरवणाऱ्या चोची जास्त, म्हणून परक्या पिलाचीही चंगळ. सहकार जिथे रुजतो तिथे फुकटे जमतातच, आणि त्यांचा बंदोबस्त कसा होतो हा या साऱ्या कहाणीतला महत्त्वाचा धागा आहे.

तिसरे उदाहरण सेलू तालुक्यातल्या बोरच्या जंगलातले. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या या छोट्याशा रानात रानकुत्रेही आहेत. त्यांच्या कळपात बहुधा एकच जोडी विते. बाकीचे शिकारीवरून परतल्यावर खाल्लेले मांस ओकून पिलांना आणि पिलांपाशी थांबलेल्या आईला भरवतात.

या तिघांतही मदतनीस कायमचा मदतनीस नसतो. जागा मिळाली, जोडीदार मिळाला की तो आपला संसार थाटतो. चांगली दरड, चांगले रान आधीच दुसऱ्याने बळकावलेले असते, म्हणून तो थांबतो. थांबलेला वेळ रिकामा घालवण्यापेक्षा भावंडांना भरवण्यात त्याचाही फायदा असतो. तो किती, ते मोजायला नात्याचे गणित लागते.

नात्याचा हिशोब

जे. बी. एस. हाल्डेन हे विसाव्या शतकातले मोठे जनुकशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी आपण जीव देऊ, असे ते गमतीने म्हणाल्याचे सांगतात. गमतीमागचा हिशोब पक्का आहे. सख्ख्या भावंडात आपल्या जनुकांचा सरासरी निम्मा वाटा असतो, चुलतभावात एक अष्टमांश. हाल्डेन गेले त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने हा हिशोब रीतसर सूत्रात बसवला. मदतीमुळे नातलगाला होणारा फायदा गुणिले नात्याचा वाटा, हा गुणाकार मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा असेल, तर मदतीची प्रवृत्ती पिढ्यांमागून पिढ्या वाढत जाईल.

यातून एक साधी गोष्ट निघते. आईबाप तेच असतील तर स्वतःचे मूल आणि पाठची भावंडे यांच्याशी नाते सारखेच, ५० टक्के. म्हणून घर सोडून एकटीने दोन पिले वाढवण्यापेक्षा आईजवळ राहून तीन जास्तीची भावंडे जगवली तर लेकीचा फायदाच झाला. वसाहतीचे मूळ इथे आहे.

मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्यांच्या बाबतीत हॅमिल्टनच्या हाती आणखी एक गंमत लागली. या कुळात नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो आणि त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो. त्यामुळे एका बापाच्या सगळ्या लेकींना बापाकडून हुबेहूब तोच वारसा मिळतो आणि सख्ख्या बहिणींचे नाते ७५ टक्क्यांवर जाते. पोटच्या मुलीपेक्षा बहीण जवळची! कामकरी नेहमी मादीच का असते, हे कोडे त्यातून सुटल्यासारखे वाटले आणि ही कल्पना पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

पण हिशोबाची दुसरी बाजू होती. त्याच बहिणीचे भावाशी नाते जेमतेम २५ टक्के. बहीणभाऊ सारख्या संख्येने वाढवले तर सरासरी पुन्हा ५० वर येते. शिवाय राणीने अनेक नरांशी समागम केला असेल तर बहिणी सावत्र होतात आणि ७५ चा आकडा गडगडतो. वाळवीत तर नर-मादी दोघेही आपल्यासारखेच दोन संचांचे, तरी तिच्याकडे भलामोठा समाज आहे. नाते हवेच, पण ७५ टक्क्यांची जादू हे काही उत्तर नव्हे, असे हळूहळू दिसू लागले.

गांधीलमाशीचे घर

एकटे राहणे आणि वसाहत यांच्या सीमेवरचा जीव शोधायला लांब जावे लागत नाही. सज्जाखाली, खिडकीच्या चौकटीवर, गोठ्याच्या आढ्याला करड्या कागदासारख्या घरांचे एक छोटे पोळे देठावर लटकलेले असते. वाळक्या लाकडाचा भुगा थुंकीत मळून माशीने ते बनवलेले असते. त्याला मेणाचा स्पर्श नाही. जवळून पाहिले तर षटकोनी घरांच्या तळाशी अंडी दिसतात, काही घरांत लठ्ठ अळ्या, आणि काहींची तोंडे पांढऱ्या झाकणाने बंद. बाहेरून आलेली माशी तोंडात आणलेल्या अळीचा गोळा घरातल्या माशीला देते, ती तो वाटून अळ्यांना भरवते. सगळ्या माद्या दिसायला सारख्या. त्यात राणी कोण, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

या माशीच्या भारतीय जातींपैकी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ हिचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशके केला. माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन प्रत्येकीची दिनचर्या त्यांनी टिपली. त्यांना आढळलेली राणी मोठी नवलाची निघाली. ती कोणावर धावून जात नाही, दरारा गाजवत नाही, एका जागी शांत बसून राहते. मात्र तिला काढून घेतले की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते, बाकीच्यांना टोचत, ढकलत फिरते. राणी परत ठेवली तर ती पुन्हा मुकाट कामाला लागते. राणी परतलीच नाही, तर आठवडाभरात तीच अंडी घालू लागते आणि मग तीही आधीच्या राणीसारखी शांत होते. ही वारसदार कोण असेल, ते राणी असताना शास्त्रज्ञांना कितीही बारकाईने पाहून ओळखता येत नव्हते. माश्यांना ते ठाऊक असते का, हे पाहायला पोळे मधोमध कापून दोन भागांत जाळी लावली आणि राणीला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ठेवले. खरी वारसदार पुढे आली की बाकीच्या तिला आडव्या जात नाहीत, असे दिसले. म्हणजे वारसाहक्काची रांग ठरलेली असते आणि ती माश्यांना माहीत असते.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही माशी एकटीने पोळे बांधू शकते आणि काही माद्या बांधतातही. मग बाकीच्या दुसरीच्या घरी का राबतात? गदगकरांच्या गटाने माद्या जन्मतः वेगळ्या ठेवून पाहिल्या, तेव्हा सुमारे निम्म्यांनाच पोळे बांधून अंडी घालता आली. उरलेल्यांना स्वतंत्र संसाराची आशा मुळातच कमी. दुसरे कारण आयुष्याचे. अंड्यापासून पंखवाली माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात. अन्नासाठी रोज बाहेर जाणारी माशी तेवढे दिवस जगेल याची खात्री नाही. एकटी मादी मध्येच मेली तर पोळ्यातल्या सगळ्या अळ्या उपाशी मरतात आणि आतापर्यंतचे कष्ट मातीमोल. भरल्या घरात राबणारी आठवड्याने मेली, तरी तिने भरवलेल्या अळ्या दुसरी कोणी पुढे भरवते. तिचे काम फुकट जात नाही. डेव्हिड क्वेलर आणि जोन स्ट्रासमन यांनी १९९८ मध्ये अशा समाजांना आयुर्विमा काढणारे असे नाव दिले. अन्नासाठी बाहेर पडावे लागणाऱ्या माश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या या गटातल्या.

इथे कुमारप्पांच्या क्रमवारीकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यांनी आईला मधमाशीच्याही वर बसवले. उत्क्रांतीत आई आधी आली. एकटी राहणारी गांधीलमाशी घर बांधते, अंडे घालते, शिकार आणते, अळीला भरवते. कामकरी माशीकडे यापेक्षा नवे असे फार थोडे आहे. घर बांधणे, राखणे, भरवणे ही आईचीच कामे ती करते, फक्त स्वतःची अंडी घालण्याआधी आणि पाठच्या भावंडांसाठी. आईपणाची ही वेळ आणि दिशा बदलली, एवढ्यावर समाज उभा राहिला. चौथा प्रकार पाचव्याच्या पोटातून निघाला आहे.

वारुळातला किल्ला

क्वेलर-स्ट्रासमन यांनी सांगितलेला दुसरा मार्ग किल्लेदारांचा. ज्यांचे घर म्हणजेच अन्नाचे कोठार, त्यांना बाहेर जायचे काम नाही. एकच चिंता, घर राखण्याची. वाळवीची, म्हणजे उधईची सुरुवात अशी झाली.

नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो आणि ते मुंग्यांचे समजतो. वारूळ बांधते वाळवी, मातीत थुंकी कालवून. आयत्या बिळावरचा नागोबा नंतर येतो. वाळवी मुंगीच्या नात्यातली तर नाहीच, ती झुरळांच्या कुळातली. २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने हे पक्के झाले. तिचे जवळचे नातलग असलेली लाकूड खाणारी झुरळे आजही उत्तर अमेरिकेत आणि पूर्व आशियात आईबाप-पिले अशी एकत्र, कुजक्या ओंडक्यात राहतात. लाकूड पचवायचे काम त्यांच्या आणि लाकूड खाणाऱ्या वाळवीच्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात. वाळवीचे पिलू कात टाकते तेव्हा आतड्याचे अस्तरही जाते आणि त्याबरोबर हे सूक्ष्मजीवही. ते परत मिळवायचे तर घरच्या माणसांच्या पार्श्वभागातून पाझरणारा द्रव चाटावा लागतो. घर सोडून गेलेले पिलू उपाशी मरेल. एकत्र राहायची सक्ती पोटातूनच होती.

आपल्या शेतात वारुळे करणारी ‘ओडोन्टोटर्मिस’ वाळवी मात्र त्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून नाही. तिने बुरशीची शेती केली आहे. वारुळाच्या पोटात वाळक्या पानालाकडाच्या चोथ्याचे स्पंजासारखे वाफे असतात, त्यावर एक खास बुरशी वाढते, ती काष्ठ मऊ करते आणि वाळवी ते खाते. माणसाने शेती सुरू करण्याच्या काही कोटी वर्षे आधीची ही शेती. पूर्व विदर्भाच्या बाजारात पावसाळ्यात ‘सात्या’ नावाने येणाऱ्या आळिंब्या वारुळातल्या याच बुरशीच्या.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा खच पडतो. त्यातल्या बहुतेक पाखरांच्या आणि पालींच्या पोटी जातात. वाचलेली मादी पंख झटकून टाकते, नर तिच्या मागोमाग चालतो आणि दोघे मिळून जमिनीत कोठडी खणतात. पहिली पिले ती दोघेच वाढवतात, पुढे पिले त्यांना पोसतात. मधमाशीचा नर समागमातच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीशेजारी जन्मभर राहतो. म्हणून वारुळातली सगळी भावंडे सख्खी, आणि कामकऱ्यांत नर-मादी दोघेही. सैनिकांचे जबडे लढाईसाठी इतके वाढलेले असतात की त्यांना स्वतःला खाता येत नाही, कामकऱ्यांनी भरवावे लागते.

सख्ख्या नात्याचे हे महत्त्व २००८ मध्ये एका तुलनात्मक अभ्यासाने ठसवले. मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्यांच्या ज्या वंशांत अशी समाजरचना स्वतंत्रपणे उगवली, त्यांचे मूळ पूर्वज एकपत्नी-एकपती असल्याचे त्यात दिसले. राणीने अनेक नर करण्याची चाल नंतर आली, म्हणजे कामकऱ्यांचे परतीचे दोर कापले गेल्यावर.

आग्या माशी आणि अंडी खाणारा पहारा

परतीचे दोर कापले गेले म्हणजे काय, ते आग्या माशीत पाहावे. उंच वड-पिंपळ, पाण्याची टाकी, पुलाची कमान अशा ठिकाणी तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते. ते काळे दिसते ते माश्यांमुळे. पोळ्यावर माश्यांचेच थर एकावर एक पांघरलेले असतात. गांधीलमाशी जवळ घोंघावली की बाहेरच्या थरातल्या माश्या एकीपाठोपाठ एक पोटाचा भाग झटक्यात वर उचलतात. क्षणाच्या आत लाट पोळ्यावरून सरकत जाते आणि हल्लेखोर बिचकून मागे सरतो. हुकूम देणारे कोणी नसते. प्रत्येक माशी शेजारणीला पाहून हलते. हंगाम संपला की अख्खे मोहोळ मुक्काम हलवते आणि पुढच्या हंगामात बहुधा त्याच झाडावर मोहोळे येतात.

या माशीच्या राणीचे कित्येक डझन नरांशी समागम होतात. त्यामुळे मोहोळातल्या बहुतेक बहिणी सावत्र, नाते जेमतेम पाव. मग एकोपा टिकतो कसा? एक तर कामकरीला समागमच करता येत नाही, त्यामुळे राणी होऊन वेगळे घर मांडणे तिच्या नशिबी नाही. पण तिला अंडाशय असतो. फलन न झालेले अंडे घालून ती नर जन्माला घालू शकते, आणि आपला मुलगा आपल्याला ५० टक्के जवळचा. इथे फुकटेपणाला वाव आहे.

युरोपीय मधमाश्यांवर काम करून फ्रान्सिस रॅटनिक्स आणि कर्क व्हिशर यांनी १९८९ मध्ये याचे उत्तर दाखवले. कामकरीने घातलेले अंडे दुसऱ्या कामकरी शोधून खाऊन टाकतात. राणीचे अंडे मात्र ठेवतात. हिशोब असा, की राणीचा मुलगा म्हणजे आपला भाऊ, नाते २५ टक्के. सावत्र बहिणीचा मुलगा म्हणजे भाचा, नाते साडेबारा. भाच्यापेक्षा भाऊ बरा, म्हणून भाच्याचे अंडे जाते. प्रत्येकीला स्वतःचा मुलगा हवा असतो, पण बाकीच्या सगळ्यांना तो नको असतो. या परस्पर पहाऱ्यामुळे मोहोळ एकदिलाने वागते. कुमारप्पांना दिसलेला निरपेक्ष एकोपा खोटा नाही, पण तो नुसत्या मायेवर उभा नाही.

किड्यांच्या पलीकडे

ही रचना फक्त कीटकांची मक्तेदारी असती तर तिचे कारण कीटकांच्या शरीरातच शोधावे लागले असते. १९८१ मध्ये जेनिफर जार्विस यांनी पूर्व आफ्रिकेतल्या केसहीन घुशीसारख्या प्राण्याबद्दल जाहीर केले की, सस्तन असूनही तो मुंग्यांप्रमाणे राहतो. कोरड्या, कडक जमिनीत सत्तर-ऐंशी जणांचे कुटुंब बिळांचे जाळे खणते, कंद शोधते, पण विते एकच राणी. १९९६ मध्ये एमेट डफी यांनी कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात राहणाऱ्या चिमुकल्या झिंग्यांत तेच पाहिले. शेकडोंच्या वसाहतीत एक राणी, आणि मोठ्या नांगीचे रखवालदार. घूस, झिंगा आणि वाळवी यांच्यात शरीररचनेचे काही साम्य नाही. साम्य आहे ते जगण्याच्या अडचणीत: राखण्याजोगे घर, जवळचे नाते आणि घराबाहेर जगण्याची कमी आशा.

यावर सगळ्यांचे एकमत आहे असे नाही. २०१० मध्ये मार्टिन नोवाक, कोरिना टार्निटा आणि मुंग्यांचे थोर अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी नात्याच्या गणिताची गरजच नाही, असा लेख लिहिला. पुढच्याच वर्षी शंभरावर जीवशास्त्रज्ञांनी एकत्र सही करून त्याला विरोध केला. नात्याला किती वजन द्यायचे यावर हा वाद आहे. राखण्याजोगे घर हवे, हे दोन्ही बाजू मानतात.

राघूपासून वाळवीपर्यंतची उदाहरणे ओळीने मांडली की जिना चढल्यासारखे वाटते, पण राघू म्हणजे अर्धवट राहिलेली वाळवी नव्हे. त्याच्या परिस्थितीत तेवढाच सहकार फायद्याचा आहे. मधमाशीच्या नात्यातल्या रानमाश्यांच्या बहुसंख्य जाती तर आजही एकट्याच राहतात, आणि एकेकाळी वसाहत करणाऱ्या काही रानमाश्यांचे वंशज पुन्हा एकटे राहू लागल्याचे पुरावे आहेत. एकत्र राहण्याला किंमत आहे: रोग पसरतो, चोर येतात, भांडणे होतात. किंमत परवडते तिथेच वसाहत टिकते.

यातून वर्धेकरांनी घ्यायची गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. एखादी माशी मेली तर मोहोळाचे काही बिघडत नाही, पण राणी, अळ्या आणि दाईकाम करणाऱ्या माश्या एकदम गेल्या तर ते घराणेच संपते. रात्री टेंभा लावून आग्यामोहोळ जाळण्याच्या जुन्या रीतीत नेमके हेच होते, आणि अळ्यांसकट पिळलेला मधही गढूळ निघतो. पोळ्यात मधाचा भाग वरच्या अंगाला, फांदीजवळ असतो आणि अळ्यांचा खाली. अंगभर संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला तर मोहोळ जगते, पोळे पुन्हा भरते आणि त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळू शकतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत मध काढणाऱ्यांपर्यंत नेली आहे. आर्वी-कारंजाच्या संत्र्याच्या मोहोरावर आणि तुरीच्या फुलांवर याच माश्या परागीभवन करतात, हेही लक्षात ठेवावे. इमारतीवर मोहोळ बसले तर विषारी फवारा मारू नका, धूर करू नका, दगड तर मुळीच नको. ये-जा थोडी बाजूने करा आणि काढायचेच असेल तर शिकलेल्या माणसाला बोलवा. मध विकत घेताना तो मोहोळ जाळून काढलेला आहे की कापून, हे विचारा. गिऱ्हाईकाने विचारायला सुरुवात केली की जाळणे आपोआप कमी होईल.